अण्णा कर्वे : घराचा आणि संस्थेचा एक जमाखर्च

विम्याची पॉलिसी ही कुटुंबप्रमुखाने आपल्या माणसांना दिलेली शेवटची हमी असते. धंदा बुडाला, भागीदार फिरला, तरी त्या कागदाला हात लावावयाचा नाही, अशी जुन्या घरांची रीत. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताच्या एका प्राध्यापकाने मात्र आपली पाच हजार रुपयांची पॉलिसी अनाथ बालिकाश्रमाला देऊन टाकली. पदरी पत्नी आणि मुले, उत्पन्न बेताचे, वडिलोपार्जित संपत्ती नाही. पत्नीला याचा संताप आला, आणि तो अगदी रास्त होता. हे प्राध्यापक म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे देशाने त्यांना महर्षी म्हटले. घरी आणि आश्रमात ते 'अण्णा' होते.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. बालपण कोकणातील मुरूड गावी गेले. घरची स्थिती ओढगस्तीची. वयाच्या सतराव्या वर्षी एका सरकारी परीक्षेसाठी ते भर पावसात डोंगरवाटांनी शंभर मैलांहून अधिक अंतर चालून साताऱ्यास पोहोचले. मुलगा वयाने लहान दिसतो, या कारणास्तव परीक्षकांनी त्यांना बसूच दिले नाही. ते परत फिरले. पण शिक्षण सोडले नाही. १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते गणित विषय घेऊन बी. ए. झाले. पुढे शिकवण्या करून त्यांनी संसार चालविला आणि मिळकतीचा एक हिस्सा गावाच्या कामासाठी बाजूला ठेवण्याचा नेम केला.

१८९१ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी पहिली पत्नी राधाबाई निवर्तल्या; मागे रघुनाथ हा लहान मुलगा राहिला. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून अण्णा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले. पुढील तेवीस वर्षे, म्हणजे १९१४ पर्यंत, त्यांनी ते काम केले. वर्गाबाहेरही त्यांच्यातला शिक्षक जागा असे. मामेभाऊ-आतेभावाच्या नात्यातील रघुनाथ परांजपे या मुलास त्यांनी आपल्याजवळ ठेवून शिकविले. तोच मुलगा १८९९ मध्ये केंब्रिजचा सीनियर रँग्लर झाला आणि पुढे फर्ग्युसनचा प्राचार्य होऊन आला. ज्याला हाताशी धरून शिकविले, त्याच्याच हाताखाली अण्णांनी आनंदाने शिकविले. शिक्षकाला याहून मोठा नफा कोणता?

विधुराने पुन्हा कुमारिकेशीच लग्न करावे, ही त्या काळची चाल. अण्णांनी ११ मार्च १८९३ रोजी आपले मित्र नरहरपंत जोशी यांच्या विधवा भगिनी गोदूबाई यांच्याशी विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात त्या शिकल्या होत्या. विवाहानंतर त्या आनंदीबाई झाल्या. पुढे सगळे त्यांना 'बाया' म्हणू लागले. मुरूडने या विवाहाबद्दल बहिष्कार घातला आणि त्याची झळ गावातील आप्तांनाही लागली. आपल्या तत्त्वाची किंमत आपल्या एकट्यालाच चुकती करता येत नाही, ती आईभावांच्याही खाती पडते, हे अण्णांना तेथेच कळले.

१८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापिला. विधवांनी शिकावे आणि स्वतःच्या पायावर उभे राहावे, हा हेतू. १९०० मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर गेला. आरंभी होती केवळ एक झोपडी. महाविद्यालयाचे काम आटोपले, की अण्णा संध्याकाळी सुमारे चार मैल चालत तेथे जात, मुलींना शिकवीत, रात्री तेथेच राहत आणि सकाळी पुन्हा चालत महाविद्यालय गाठीत. त्या रात्री पुण्यातल्या घरी बाया आणि लहान मुले एकटी असत.

पॉलिसीचा प्रश्न याच संसारातला. बायांनी 'माझे पुराण' या आत्मकथनात आपल्या संसाराची हकिगत मोकळेपणाने सांगितली आहे आणि पतीविषयीच्या तक्रारी झाकून ठेवलेल्या नाहीत. बालवैधव्य भोगलेल्या स्त्रीला आधार गमावणे म्हणजे काय, हे अण्णांपेक्षा अधिक ठाऊक होते. तरी ही स्त्री केवळ रागावून बसली नाही. त्यांनी सुईणीचे शिक्षण घेतले, घर चालविले आणि त्याच आश्रमासाठी घरोघर वर्गणीही गोळा केली. त्यांच्या विधवा भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी तर आश्रमालाच आयुष्य वाहिले आणि निधीसाठी अमेरिकेपर्यंत प्रवास केला. अण्णांच्या दानपत्रावर सही एकट्या अण्णांची असे. पण फेड साऱ्या घराने केली.

१९१६ मध्ये अण्णांनी महिला विद्यापीठ सुरू केले, तेव्हा विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच. १९२० मध्ये मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव लाभले. इतकी मोठी रक्कम मिळाल्यावरही अण्णांची राहणी बदलली नाही. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी ते पुन्हा दारोदार फिरून लहानलहान वर्गण्या गोळा करू लागले. पंधरा लाखांइतकीच नोंद ते चार आण्यांचीही ठेवीत.

मुलांच्या वाट्याला काय आले, हे पाहिल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. ज्येष्ठ पुत्र रघुनाथ वडिलांप्रमाणेच गणिताचे प्राध्यापक झाले. पण संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना नोकरी सोडावी लागली आणि 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी अखेरपर्यंत एकाकीपणे चालविले. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत मोंबासा येथे स्थायिक झाले. दिनकर रसायनशास्त्र शिकवीत फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांच्या पत्नी इरावती कर्वे मोठ्या मानववंशशास्त्रज्ञ आणि लेखिका. भास्कर यांनी हिंगण्याच्या संस्थेचे काम सांभाळले. वडिलांनी ठेवी मागे ठेवल्या नाहीत. तरी एकही मुलगा निराधार राहिला नाही, आणि एकानेही परक्याच्या मतावर आयुष्य काढले नाही.

दीर्घायुष्याचीही किंमत असते. १९५० मध्ये बाया गेल्या. १९५३ मध्ये रघुनाथ गेले. पंचाण्णव वर्षांच्या पित्याला थोरल्या मुलाचा मृत्यू पाहावा लागला. १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले आणि त्यांचे चित्र टपाल तिकिटावर आले. परंतु त्र्याण्णव साली ज्या स्त्रीचा हात धरला, ती तो गौरव पाहावयास नव्हती. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी अण्णांनी पुण्यात देह ठेवला. वय वर्षे एकशे चार.

आपल्या घरांतून दानधर्म पुष्कळ होतो. कोनशिलेवर कर्त्या पुरुषाचे नाव कोरले जाते. त्याच्या पाठीमागे कोणी काटकसर केली, कोणी रात्री एकटीने काढल्या, हे कोणी कोरत नाही. अण्णांची पॉलिसी योग्य होती की अयोग्य, याचा निवाडा आज करण्याचे कारण नाही. मात्र बायांनी आपली तक्रार लिहून ठेवली आणि वर्गणीची झोळीही खांद्यावरून उतरविली नाही, ही गोष्ट विसरता येत नाही. पुढच्या वेळी मोठ्या देणगीवर सही करण्यापूर्वी कर्त्या पुरुषाने घरातल्या माणसांना जवळ बसवून विचारावे. त्यांनी होकार दिला, तर ते दान साऱ्या घराचे होईल. आणि त्यांनी तक्रार केली, तर तीही आदराने ऐकावी.