अंटार्क्टिकाच्या जैवविविधता-संरक्षणातील बिगरशासकीय संस्था

अंटार्क्टिका खंड व त्याभोवतालचा दक्षिण महासागर यांतील जीवसृष्टीविषयीचे निर्णय कायद्याने राष्ट्रेच घेतात. तथापि कोणता विषय चर्चेला यावा आणि झालेला निर्णय प्रत्यक्षात पाळला जावा, यांसाठी पर्यावरण संस्था, वैज्ञानिक, मासेमारी कंपन्या व पर्यटन व्यावसायिक यांचा प्रभाव मोठा ठरला आहे. आर्क्टिक परिषदेत मूळ रहिवाशांच्या सहा संघटनांना कायम सहभागींचे स्थान आहे. अंटार्क्टिकाला मूळ रहिवासीच नाहीत. पेंग्विनांची बाजू मांडणारा येथे नेहमी बाहेरचाच असतो.

निर्णयप्रक्रिया

अंटार्क्टिक करारावर १९५९ मध्ये १२ राष्ट्रांनी सह्या केल्या. सागरी सजीवांसाठीचा स्वतंत्र करार १९८० मध्ये झाला; त्याच्या आयोगाचे, म्हणजे 'कॅमलार'चे, कार्यालय ऑस्ट्रेलियातील होबार्ट येथे आहे. दोन्हीकडे निर्णय एकमताने होतात, त्यामुळे एकटे राष्ट्रही प्रस्ताव अडवू शकते. १९७८ मध्ये स्थापन झालेली 'असॉक' ही पर्यावरण संस्थांची आघाडी या बैठकांना उपस्थित असते. तिला बोलता येते, टिपणे मांडता येतात. निर्णयात मात्र वाटा नसतो.

खाणबंदी

या प्रभावाचे सर्वांत ठळक उदाहरण खनिज कराराचे आहे. खाणकामाचे नियमन करणारा, म्हणजेच त्याला वाट करून देणारा, मसुदा १९८८ मध्ये वेलिंग्टन येथे संमत झाला होता. ग्रीनपीसने १९८७ मध्येच रॉस बेटावर स्वतःचा तळ उभारला होता आणि शेजारच्या सरकारी तळांवरील कचऱ्याची छायाचित्रे ती जगासमोर आणत होती. फ्रान्समध्ये सागर-संशोधक जाक कुस्तो यांनी सह्यांची मोहीम चालवली. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलिया व फ्रान्स यांनी मसुद्यातून माघार घेतली आणि १९९१ च्या माद्रिद शिष्टाचाराने खाणकामावर बंदी आली. श्रेय केवळ चळवळीचे नव्हे. पण तिच्याविना दोन सरकारे इतक्या लवकर बदलली असती, असे मानणे कठीण आहे.

समुद्रातील संरक्षण

रॉस समुद्रातील सुमारे १५.५ लाख चौ. किमी क्षेत्र संरक्षित करण्याचा ठराव २०१६ मध्ये झाला व १ डिसेंबर २०१७ पासून तो अमलात आला. त्यासाठी पर्यावरण संस्थांनी अनेक वर्षे प्रचार केला होता. त्याची मुदत मात्र ३५ वर्षांचीच आहे. पूर्व अंटार्क्टिका व वेडेल समुद्र येथील प्रस्ताव चीन व रशिया यांच्या विरोधामुळे रखडले. भारताने २०२१ मध्ये या दोन्हींना पाठिंबा जाहीर केला. (भारताच्या ध्रुवीय संशोधनाचे केंद्र गोव्यात, वास्को येथे आहे.)

अंमलबजावणीची उणीव कधी खासगी संस्थाच भरून काढतात. 'सी शेफर्ड'च्या जहाजाने 'थंडर' या बेकायदा टूथफिश पकडणाऱ्या जहाजाचा २०१४-१५ मध्ये ११० दिवस पाठलाग केला. अखेर ते साओ टोमेजवळ बुडाले. असा पाठलाग वस्तुतः राष्ट्रांचे काम होते.

व्यावसायिकांचे स्वयंनियमन

पर्यटन कंपन्यांची संघटना 'आयाटो' १९९१ मध्ये स्थापन झाली. एका ठिकाणी एका वेळी १०० हून अधिक प्रवासी उतरवू नयेत, हा तिचा दंडक करार-राष्ट्रांनी २००९ मध्ये स्वीकारला. क्रिल या कोळंबीसदृश जीवावर पेंग्विन, सील व देवमासे जगतात; तो पकडणाऱ्या कंपन्यांच्या 'आर्क' या संघटनेने २०१८ मध्ये पेंग्विन वसाहतींलगतच्या काही भागांत मासेमारी स्वेच्छेने थांबवण्याचे ठरवले. मात्र असा निर्बंध संघटनेबाहेरील जहाजांना लागू होत नाही. क्रिलची पकड वेगवेगळ्या क्षेत्रांत विभागून देणारा आयोगाचा नियम २०२४ मध्ये एकमताअभावी संपुष्टात आला. पुढच्याच हंगामात, ऑगस्ट २०२५ मध्ये, ६,२०,००० टनांची मर्यादा गाठली गेल्याने ही मासेमारी मुदतीपूर्वी बंद करावी लागली.