तारेच्या शेवटच्या टोकाला

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादकडे निघाले, की छावणीनंतर पडेगाव लागते. शहराच्या कडेची अशी गावे आणि त्यांपलीकडची शेते यांना वीज मिळते ती उपकेंद्रांतून. सहलीला जाताना असे एखादे उपकेंद्र दिसले, की मुले हमखास विचारतात, "इथे वीज तयार होते का?"

तयार होत नाही. मग एवढी यंत्रे कशासाठी? हे समजण्यासाठी आपण थोडे गणित करू.

तारेतून प्रवाह गेला, की तार तापते. ही उष्णता म्हणजे वाया गेलेली वीज. ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, आपल्याला १००० किलोवॉट वीज तीन फेजमधून न्यायची आहे. दाब ४०० व्होल्ट ठेवला, तर प्रत्येक तारेतून सुमारे १४४० अँपिअर प्रवाह जाईल. ११ किलोव्होल्टला तो सुमारे ५२ होईल, ३३ किलोव्होल्टला साडेसतरा. म्हणजे ११ ऐवजी ३३ किलोव्होल्ट वापरले, तर प्रवाह एक तृतीयांश होतो आणि त्याच तारेतील नुकसान एक नवमांश! म्हणूनच परळीसारख्या दूरच्या वीजकेंद्रातून वीज आणताना दाब खूप चढवतात. गावाजवळ आल्यावर तो पायरीपायरीने उतरवावा लागतो. ग्रामीण उपकेंद्रातील रोहित्र ३३ चे ११ किलोव्होल्ट करते. पुढे गावातली डीपी ११ किलोव्होल्टचे ४०० व्होल्ट करते. तीन फेजच्या पंपाला ते ४०० व्होल्ट मिळतात, तर एक फेज आणि न्यूट्रल यांमधून घराला २३० व्होल्ट.

उपकेंद्राचे दुसरे काम वाटणीचे आणि राखणीचे. तेथून निरनिराळे फीडर निघतात, कुठे गावठाणाचा, कुठे शेतीचा. एखाद्या फीडरवर फांदी पडली, की प्रवाह एकाएकी वाढतो. रिले तो ओळखतो आणि सर्किट ब्रेकर तेवढाच फीडर तोडतो. बाकीची गावे उजेडात राहतात. बाहेरची वीज गेली तरी ही राखण चालू राहावी, म्हणून उपकेंद्रात बॅटऱ्या असतात. गावाला पुरवण्यासाठी मात्र त्या नसतात.

एवढे असूनही फीडरच्या शेवटच्या टोकाचा पंप का जळतो? तारेला रोध असतो. वाटेत जितके पंप जास्त, तितका प्रवाह जास्त आणि पुढे पोहोचणारा दाब कमी. पाणी उपसण्याचे काम मात्र तेवढेच राहते. त्यामुळे दाब १० टक्के घटला, तर मोटार साधारण ११ टक्के जास्त प्रवाह ओढते आणि तिच्या वेटोळ्यातील उष्णता जवळजवळ सव्वापट होते. वरचे आकडे टाकणारे अनेक असतात, मोटार मात्र शेवटच्याची जळते. ऐन पिकाच्या दिवसांत पाणी थांबते.

हे वर्गात दाखवता येते. इनॅमल लावलेल्या बारीक तांब्याच्या तारेचे दहा-दहा मीटरचे दोन तुकडे शेजारी ताणा. जोडणीच्या जागी इनॅमल खरवडून काढा. एका टोकाला टॉर्चचे दोन सेल एकसर जोडा आणि दोन्ही तारांच्या मध्ये, तीन-तीन मीटरवर, टॉर्चचे तीन बल्ब लावा. शेवटचा बल्ब सर्वांत मंद दिसेल. पहिले दोन काढून घेतले, की तोच उजळेल. प्रयोग फक्त सेलवर करावा. उपकेंद्र मात्र कुंपणाबाहेरूनच पाहावे.

महाराष्ट्रात २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. उपकेंद्रांच्या जवळ छोटे सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरना दिवसा वीज द्यायची, ही तिची कल्पना. तेथे दूरवरून वीज आणण्यातील नुकसान वाचते. उपकेंद्रापासून शेवटच्या पंपापर्यंतची तार मात्र तेवढीच लांब राहते. तेव्हा मुलांनी तो प्रश्न पुन्हा विचारला, तर आपण त्यांना आणखी एक प्रश्न द्यावा : वीज कुठेही तयार होवो, शेवटच्या पंपापर्यंत पुरेशा दाबाने पोहोचते का?