उजेडाआधीचा हिशेब

आम्ही कामगार चळवळीतले. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात झाले. आम्ही पदार्थविज्ञानावर बोलावे याचे कित्येकांना नवल वाटेल. पण ठरलेला पगार आणि घरी पोचणारा पगार यांतला फरक आम्हांस चांगला ठाऊक आहे. आजचा विषय तसाच आहे.

अर्धवाहक स्फटिकावर प्रकाश पडला की एखादा इलेक्ट्रॉन जागा सोडून वर चढतो. मागची रिकामी जागा धन विद्युत्‌भारासारखी वागते. दोघांच्या आकर्षणातून जी जोडी जमते, तिला एक्सायटॉन म्हणतात. लेनिनग्राडच्या याकोव फ्रेंकेल यांनी ही कल्पना १९३१ साली मांडली. पुढे गॅलियम आर्सेनाइडचा सुमारे १० नॅनोमीटर, म्हणजे सेंटिमीटरचा दहा लाखावा भाग, एवढा पातळ थर दुसऱ्या स्फटिकाच्या दोन थरांत कोंडता आला. तेथे जोडीला आडवे हिंडता येते, उभे नाही. हीच क्वांटम विहीर. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९७४ साली तिचा प्रत्यय दिला.

जोडीला गरजेहून जास्त ऊर्जा मिळाली, तर ती जाते कोठे? पगाराच्या दिवशी फाटकाशी उभा राहणारा सावकार आम्ही पाहिला आहे. तो आधी बंद्या नोटा उचली. स्फटिकातले अणू थरथरतात. त्या थरथरीच्या पुडक्यांना फोनॉन म्हणतात. त्यांतली मोठी नोट येथे ३६ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टची. तेवढी शिल्लक असेपर्यंत एकेक नोट पिकोसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या लक्ष-कोटीव्या भागाच्या, आतच जाते.

शिल्लक त्याखाली आली की नोट मोडत नाही. मग ध्वनीसारख्या मंद कंपनांना चिल्लर द्यावी लागते. अतिथंड स्फटिकात यास दहापट, शंभरपट वेळ लागतो. प्रकाशकणाजवळ संवेग फारच थोडा. म्हणून जोडीची आडवी धाव जवळजवळ थांबल्याशिवाय तिला प्रकाश देता येत नाही. या रेंगाळण्यात स्फटिकातला एखादा दोष गाठ पडला, तर सारी ऊर्जा उष्णतेत जाते आणि उजेड पडतच नाही.

म्हणून कारागिरी दोन ठिकाणी लागते : थर निर्दोष वाढवावयाचे आणि मुळात जादा ऊर्जा द्यावयाची नाही. कपात कोठे होते हे शोधल्यावाचून ती थांबत नाही. आम्ही हे फाटकाशी शिकलो. शास्त्रज्ञ पिकोसेकंद मोजून शिकले.