‘तर’ आणि ‘तरच’ : व्यवस्थापन प्रवेशपरीक्षेतील भाषेची कसोटी

वाराणसीला बदली झाल्याचा आदेश हाती पडला, तेव्हा घरच्यांना गंगास्नान आठवले आणि मला हिंदीतील पत्रव्यवहार. येथे रुजू झाल्यावर मात्र ध्यानात आले, की या नगरीत मराठी माणसाला परकेपणा फारसा जाणवत नाही. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगाघाट या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबे वास्तव्य करून आहेत. त्यांपैकीच एक निवृत्त संस्कृत-अध्यापक नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला देण्यासाठी आमच्या शाखेत आले. सोबत वाणिज्य शाखेची पदवीधर नात होती. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या व्यवस्थापन संस्थेत ‘कॅट’ परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळतो आणि ती परीक्षा त्याच महिन्याच्या अखेरीस होती. शैक्षणिक कर्जाची चौकशी करताना ती म्हणाली, “साहेब, गणितात मी अडत नाही. पण भाषेच्या भागात गुण बुडतात. इंग्रजी शब्द पाठ करून दोन वह्या भरल्या, तरीही तेच.”

आजोबांनी विचारले, “पण त्या भागात विचारतात तरी काय?”

मी माझ्या परीने सांगू लागलो आणि ते मधूनमधून मान हलवू लागले. शेवटी म्हणाले, “यात नवीन काही नाही. हे सगळे आम्ही शिकवीत आलो.” प्रस्तुत लेख म्हणजे त्या संभाषणाचा विस्तार होय.

परीक्षेचे स्वरूप

प्रथम वस्तुस्थिती पाहू. 2024 च्या ‘कॅट’ परीक्षेत भाषाविभागासाठी 40 मिनिटे आणि 24 प्रश्न होते. त्यांपैकी 16 प्रश्न चार उताऱ्यांच्या आकलनावर होते. उरलेल्यांत विस्कळीत वाक्यांचा क्रम लावणे, परिच्छेदाचा सारांश निवडणे, गाळलेल्या वाक्याची जागा शोधणे असे प्रकार येतात. बरोबर उत्तरास तीन गुण मिळतात आणि पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास एक गुण वजा होतो. शब्दार्थ किंवा व्याकरण यांवरील थेट प्रश्न या परीक्षेतून जवळजवळ लोपले आहेत. परदेशी संस्थांसाठी घेतल्या जाणाऱ्या ‘जीमॅट’ परीक्षेतही वाक्यशुद्धीचा प्रकार नोव्हेंबर 2023 मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीतून वगळण्यात आला. तिच्या भाषाविभागात आता 45 मिनिटांत 23 प्रश्न असतात आणि ते सर्व आकलन व तर्क यांवर असतात. महाराष्ट्राच्या सामायिक प्रवेशपरीक्षेत मात्र 200 पैकी 50 प्रश्न भाषेचे असतात. त्यांत व्याकरण आणि शब्दसंपत्ती यांना अद्याप स्थान आहे. चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. किती शब्द येतात यापेक्षा, समोरचे वाक्य नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हे ओळखण्याची सवय येथे तपासली जाते. मराठी किंवा हिंदी माध्यमातील विद्यार्थी इंग्रजीच्या धास्तीने या विभागासमोर आधीच हार मानतात. वास्तविक ही सवय कोणत्याही एका भाषेची मिरासदारी नाही.

धूर आणि अग्नी

या सवयीचे मोल मला परीक्षेत नव्हे, नोकरीत कळले. पूर्वीच्या एका शाखेत मी नवखा असताना शैक्षणिक कर्जाचे परिपत्रक माझ्याकडे होते. प्रवेशपरीक्षेद्वारे प्रवेश मिळाला असल्यास अर्ज स्वीकारावा, असा त्यातील एका परिच्छेदाचा आशय होता. बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळालेली एक विद्यार्थिनी आली. मी ‘असल्यास’ हे ‘असल्यासच’ असे वाचले आणि तिला परत पाठवले. गुणवत्तेवरील प्रवेशाची तरतूद पुढच्याच परिच्छेदात होती. ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी ती दाखवली, आम्ही विद्यार्थिनीला बोलावून घेतले. पण मधल्या आठवड्यात तिच्या वडिलांनी पहिला हप्ता भरण्यासाठी सावकाराकडून पैसे उचलले होते. एका ‘च’चे व्याज त्या गृहस्थांनी भरले, ही खंत अजून मनात आहे.

न्यायशास्त्राचा प्रारंभिक पाठ ‘तर्कसंग्रह’ या ग्रंथातून दिला जातो. त्यातील प्रसिद्ध अनुमान सर्वांना ठाऊक आहे : पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे. जेथे धूर तेथे अग्नी, हा नियम. आता त्याच्या चार बाजू पाहा. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे बरोबर. अग्नी नाही म्हणून धूर नाही, हेही बरोबर. परंतु अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे चूक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. तसेच धूर नाही म्हणून अग्नी नाही, हेही चूक. माझी चूक नेमकी या शेवटच्या प्रकारची होती. प्रवेशपरीक्षेतील तर्काच्या प्रश्नांत आकर्षक दिसणारे चुकीचे पर्याय बहुधा या दोन उलट्या बाजूंतूनच घडवलेले असतात.

अग्नीपासून धूर केव्हा निघतो? सरपण ओले असेल तेव्हा. या आड दडलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. तर्काच्या प्रश्नांत जे ‘गृहीतक’ शोधायला सांगतात, त्याचे मर्म यातून कळते. समजा, एखाद्या उताऱ्यात म्हटले आहे, की ज्या शाखांत नवी यंत्रे बसवली तेथे ठेवी वाढल्या. म्हणजे यंत्रांमुळे ठेवी वाढल्या. येथे विचारावे, ओले सरपण कोणते? त्या शाखा नव्या बाजारपेठांलगत तर नव्हत्या? असा प्रश्न सुचला, की युक्तिवाद बळकट करणारा पर्याय कोणता आणि दुबळा करणारा कोणता, हे उमगू लागते.

क्रम आणि अनुवृत्ती

विस्कळीत वाक्ये जुळवण्याच्या प्रश्नाला विद्यार्थी विशेष भितात. त्याची किल्ली पाणिनीच्या रचनेत सापडते. ‘अष्टाध्यायी’तील जवळजवळ चार हजार सूत्रे इतकी संक्षिप्त आहेत, याचे एक कारण ‘अनुवृत्ती’ हे आहे. आधीच्या सूत्रातील पद पुढच्या सूत्रात पुन्हा न उच्चारता गृहीत धरले जाते. साहजिकच क्रम मोडला, की अर्थ हरवतो. सतराव्या शतकात काशीत भट्टोजी दीक्षितांनी ‘सिद्धान्तकौमुदी’त हीच सूत्रे विषयवार नव्याने मांडली, तेव्हा प्रत्येक सूत्रात कोणते पद मागून येते, हे त्यांना विवरणात सांगावे लागले.

परीक्षेतील वाक्यांचेही असेच असते. ‘हा’, ‘ते’, ‘अशा’ यांनी सुरू होणारे वाक्य आपल्या आधीचे काही तरी मागत असते. ‘तथापि’ म्हणणाऱ्या वाक्यापूर्वी विरोधी विधान हवे. पूर्ण नाव आधी येते, सर्वनाम नंतर. प्रत्येक वाक्याला ‘तुला मागचे काय हवे?’ असे विचारत गेल्यास जोड्या जुळतात आणि सर्व क्रम एकदम डोक्यात धरण्याची गरज राहत नाही.

तात्पर्य कसे ठरवावे

दीर्घ उताऱ्याचा मुख्य आशय विचारला असता अनेक जण सर्वांत ठळक उदाहरण उचलतात आणि फसतात. ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी आपल्या शास्त्रकारांनी सहा खुणा सांगितल्या आहेत : आरंभ व समारोप यांची एकवाक्यता, पुनरुक्ती, नवेपणा, फल, प्रशंसा वा निंदा आणि युक्ती. लेखक कोठून निघाला व कोठे पोहोचला? कोणती गोष्ट तो पुनःपुन्हा सांगतो? त्याने नवीन काय सांगितले? त्यातून काय साधायचे आहे? कशाचा गौरव करतो, कशावर टीका करतो? कोणत्या युक्तीने पटवून देतो? या प्रश्नांतून गेल्यावर उदाहरण आणि सिद्धान्त वेगळे होतात. ज्या पर्यायात उताऱ्यापेक्षा अधिक काही सांगितले आहे, तो कितीही सुंदर असला तरी सोडावा.

व्याकरणाचे प्रयोजन

थेट प्रश्न कमी झाले म्हणून व्याकरण सोडावे काय? मुळीच नाही. सामायिक परीक्षेत ते आहेच. शिवाय वाक्याची घडण न कळता आशय कळणे कठीण. मराठी भाषकाच्या चुका ठरावीक ठिकाणी होतात. ‘द लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स आर एन्क्लोज्ड’ हे वाक्य कार्यालयीन पत्रांत सर्रास आढळते. यातील कर्ता ‘लिस्ट’ आहे, म्हणून ‘आर’ऐवजी ‘इज’ हवे. क्रियापदाशेजारचे अनेकवचन आपल्याला चकवते. ‘घाटावरून चालताना देऊळ दिसले’ हे मराठीत निर्दोष आहे. त्याचे शब्दशः इंग्रजी केले, तर ‘वॉकिंग अलाँग द घाट, द टेम्पल अपिअर्ड’ असे होऊन देऊळच चालू लागते. चालणाऱ्याचा उल्लेख मुख्य वाक्यात कर्ता म्हणून आला पाहिजे.

इंग्रजीतील ‘ओन्ली’ची जागा समजून घेण्यास तर आपला ‘च’ पुरेसा आहे. ‘वडिलांनाच जामीनदार होता येईल’ आणि ‘वडिलांना जामीनदारच होता येईल’ या दोन वाक्यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात इतर व्यक्ती वगळल्या, दुसऱ्यात इतर भूमिका.

नियमाचा अर्थ कसा लावावा, याचे नियम म्हणजे परिभाषा. अठराव्या शतकात याच काशीत राहणाऱ्या, मराठी काळे घराण्यातील नागेशभट्टांनी त्यांवर ‘परिभाषेन्दुशेखर’ लिहिला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. किलहॉर्न यांनी 1868 मध्ये तो संपादून प्रसिद्ध केला. सामान्य नियमापेक्षा अपवाद बलवान, हे त्यातले तत्त्व आपण परिपत्रके वाचताना रोज वापरतो.

सरावाविषयी थोडेसे

रोज एखाद्या वृत्तपत्राचा अग्रलेख वाचून त्याचा आशय मराठीत दोन वाक्यांत लिहावा. चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवावी. तीत योग्य उत्तरासोबत, चुकीचा पर्याय आपल्याला का पटला, हेही नोंदवावे. नवा शब्द सुटा पाठ न करता वाक्यासह टिपावा. वेळ लावून सराव अवश्य करावा, पण अर्थ पक्का होऊ लागल्यानंतर.

पुढील वर्षी ती विद्यार्थिनी प्रवेशपत्र घेऊन आजोबांसह शाखेत आली. मंजुरीपत्रावर सही करण्यापूर्वी तिने ते शेवटपर्यंत वाचले आणि एका कलमावर बोट ठेवले. अभ्यासक्रमाच्या काळात व्याज नियमित भरल्यास व्याजदरात सवलत मिळेल, असे ते कलम होते. आजोबांच्या चेहऱ्यावर चिंता होती. निवृत्तिवेतनातून हे व्याज कसे भरणार? ती त्यांना म्हणाली, “आजोबा, भरल्यास सवलत, एवढेच लिहिले आहे. न भरल्यास दंड, असे कोठे म्हटले आहे?” मग माझ्याकडे वळून तिने विचारले, “बरोबर ना, साहेब?”

मी ते कलम पुन्हा एकदा वाचले. तिचे वाचन बरोबर होते. सवलत तेवढी हुकली असती आणि न भरलेले व्याज पुढे मुद्दलात मिळाले असते, हे मी समजावून सांगितले. त्यानंतरच तिने सही केली.