हरणाऱ्या जोडीची सोय

दिवाळीच्या सुटीत एखाद्या क्लबाने पिकलबॉलच्या दुहेरी स्पर्धेची घोषणा करावी, सूचनाफलकावर प्रवेशशुल्काची रक्कम, नावे देण्याची अखेरची मुदत, चषक देणाऱ्या दात्यांची नावे आणि अल्पोपाहाराचा तपशील ठळक अक्षरांत झळकावा, आणि सामने नेमके कोणत्या पद्धतीने खेळवले जाणार याविषयी मात्र त्या फलकाने मौन पाळावे, हा प्रकार आपल्याकडे इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटतही नाही. वास्तविक बारा जोड्यांच्या स्पर्धेत चषक एकाच जोडीच्या हाती लागायचा असतो आणि उरलेल्या अकरा जोड्यांनी कोठे ना कोठे हरायचे असते, हे नावे घेतानाच ठरलेले असते. तेव्हा विजेत्यांचा सत्कार कसा करावा यापेक्षा, हरलेल्या जोडीने पुढे काय करावे, हा समितीपुढचा पहिला प्रश्न असावयास हवा. व्यावसायिक स्पर्धेत पराभूताने सामान आवरून निघून जावे हे रास्तच आहे. क्लबात तो वर्गणीदार असतो, आणि सकाळी सातला येऊन साडेसातला प्रेक्षक होण्यासाठी त्याने वर्गणी भरलेली नसते.

या खेळाचा जन्मही घरच्या मंडळींच्या कंटाळ्यावर उपाय म्हणूनच झाला. १९६५ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि त्यांचे स्नेही बिल बेल हे गोल्फ खेळून घरी परतले, तो मुलेमाणसे काही उद्योग नसल्याने कुरकुरत बसलेली. आवारात बॅडमिंटनचे जुने कोर्ट होते, पण साहित्य धड नव्हते. तेव्हा टेबल टेनिसच्या बॅटी आणि छिद्रांचा प्लॅस्टिकचा चेंडू यांवर वेळ मारून नेण्यात आली. (हे प्रिचर्ड त्या वेळी राज्याच्या विधिमंडळाचे सभासद होते आणि पुढे काँग्रेसमध्येही गेले, पण त्यांच्या कारकिर्दीतले हेच एक कार्य आज जगाला ठाऊक आहे.) बार्नी मॅकॅलम हे तिसरे गृहस्थ लवकरच त्यांना येऊन मिळाले, बॅडमिंटनच्या उंचीवर ताणलेली जाळी ३६ इंचांवर उतरवण्यात आली, आणि लहानथोरांनी एकत्र खेळावे हा हेतू मनात धरून तिघांनी नियम बांधले. कोर्ट मात्र बॅडमिंटनच्या दुहेरीचे, म्हणजे ४४ फूट लांब व २० फूट रुंद, तेच राहिले. आणि बॅडमिंटनचे आरंभीचे नियम १८७० च्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीतल्या इंग्रज अंमलदारांनी बांधले होते हे ध्यानात घेतले, तर या परदेशी पाहुण्याशी आपले दूरचे का होईना, नाते निघते. मुंबईचे सुनील वालावलकर यांनी हा खेळ १९९९ साली कॅनडात पाहिला, पुढील दशकात तो येथे रुजवण्याची खटपट केली, आणि २००८ साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तेव्हा ते नाते रीतसर झाले.

पहिली ज्ञात स्पर्धा १९७६ साली वॉशिंग्टन राज्यातच टक्विला येथे झाली, आणि नियमांचे पहिले पुस्तक १९८४ साली निघाले. म्हणजे जवळजवळ दोन दशके हा खेळ घरगुती शिरस्त्यावर चालला होता. ती सवय अद्यापि पुरती गेलेली नाही. सर्व्हिसचा चेंडू जाळीच्या पट्टीला चाटून योग्य चौकटीत पडला तर सर्व्हिस पुन्हा करावी, असा पूर्वी नियम होता. २०२१ पासून तो रद्द होऊन असा चेंडू चालू धरला जातो. तरीही जुने खेळाडू सवयीने हात वर करून थांबतात आणि प्रतिपक्ष गुण मागतो. म्हणून कोणत्या सालचे नियमपुस्तक लागू आहे, हे एक वाक्य फलकावर असेल तर सकाळच्या निम्म्या तक्रारी दाखल होण्यापूर्वीच निकालात निघतात.

नियम तसे थोडे आहेत. सर्व्हिस तिरप्या चौकटीत, हात खालून वर नेत आणि चेंडू कमरेच्या खाली असताना करावयाची. ती ज्यांना जमत नाही त्यांनी चेंडू हातातून नुसता सोडून, टप्पा पडल्यावर मारला तरी चालतो, आणि नवख्या सभासदांना ही सवलत आवर्जून सांगावी. सर्व्हिसचा चेंडू एक टप्पा पडू द्यायचा, त्याचा परतावाही एक टप्पा पडू द्यायचा, आणि त्यानंतरच चेंडू हवेत अडवण्याची मुभा. जाळीच्या दोन्ही बाजूंना सात सात फुटांचा जो पट्टा असतो, ज्याला खेळाडू किचन म्हणतात, त्यात किंवा त्याच्या रेषेवर पाय असताना चेंडू हवेत मारता येत नाही. इतकेच नव्हे, तर बाहेरून मारलेल्या फटक्याच्या झोकाने तोल जाऊन पाय आत पडला तरी दोष लागतो, मग तोवर चेंडू मेलेला का असेना. या दोन कलमांनी बळाचा माज उतरवला. सहा फुटी तरुणाला जाळीवर उभे राहून चेंडू आदळता येत नाही, आणि साठीच्या बाई किचनमध्ये अलगद चेंडू टाकून त्याला वाकायला लावतात. दोन पिढ्यांची माणसे एकाच स्पर्धेत घालता येतात, ती याच आधारावर.

गुणांची मोजणी हे नवख्याला पडणारे खरे कोडे. परंपरागत पद्धतीत गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या जोडीला मिळतो. जोडीतले दोघेही आपापली सर्व्हिस गमावीपर्यंत पाळी त्यांच्याकडे राहते, आणि मग ती समोर जाते. याला एकच अपवाद: डावाच्या आरंभी जी जोडी पहिली सर्व्हिस करते तिला पहिल्या पाळीत एकच सर्व्हर मिळतो, कारण दोघांची पाळी देणे म्हणजे नाणेफेक जिंकणाऱ्याला इनाम देण्यासारखे झाले असते. म्हणूनच डावाची सुरुवात ‘शून्य-शून्य-दोन’ या पुकाऱ्याने होते. पहिला आकडा आपला, दुसरा समोरच्यांचा, तिसरा सर्व्हर पहिला की दुसरा याचा. ११ गुणांचा डाव, पण दोन गुणांची आघाडी अनिवार्य. जोडीचा गुण सम असेल तेव्हा आरंभीचा सर्व्हर उजव्या चौकटीत असला पाहिजे, विषम असेल तेव्हा डाव्या. आणि दहाव्या मिनिटाला हा आरंभीचा सर्व्हर कोण होता याचा चौघांनाही विसर पडतो, हे अनुभवाने ठाऊक असल्यामुळे मोठ्या स्पर्धांतून त्याच्या मनगटावर ठळक रंगाची पट्टी बांधतात. क्लबाने एवढी तजवीज अवश्य करावी. रुपया-दोन रुपयांची फीत पंचाचे काम करते.

या मोजणीचा एक परिणाम समितीच्या वेळापत्रकावर होतो. तुल्यबळ जोड्यांत सर्व्हिस वारंवार इकडून तिकडे जाते आणि फलक हलत नाही. त्यामुळे ११ गुणांचा एक डाव कधी दहा मिनिटांत आटोपतो, तर कधी अर्धा तास रेंगाळतो. प्रत्येक चढाओढीला गुण देण्याची जी दुसरी पद्धत आहे, तिच्यात वेळेचा अंदाज पुष्कळ बरा येतो. २०२१ साली निघालेल्या अमेरिकेच्या मेजर लीग पिकलबॉलने तिचाच अंगीकार केला. मला जुनी पद्धत अधिक रुचते, कारण ९-२ असे मागे पडलेल्या जोडीला तीत सावरायला अवसर मिळतो. परंतु कोर्टे थोडी आणि नावे फार असतील तर माझ्या रुचीला विचारण्याचे प्रयोजन नाही.

आता हिशेबाकडे वळू. बारा जोड्या, तीन कोर्टे, सकाळी सात ते दुपारी बारा, असा आपल्या मध्यम क्लबाचा प्रातिनिधिक प्रसंग घ्या. बाद पद्धत लावली तर अकरा सामन्यांत सारे संपते, चार जोड्यांना पहिल्या फेरीत पुढे चाल द्यावी लागते, आणि किमान चार जोड्या एकच सामना खेळून घरी जातात. दोन पराभवांनंतर बाद करण्याची पद्धत घेतली तर सामने बावीस किंवा तेवीस होतात आणि प्रत्येकाला दोन सामन्यांची हमी मिळते; पण तिचा तक्ता इतका गुंतागुंतीचा असतो की समितीतला एक माणूस दिवसभर त्याच्यातच अडकून पडतो, आणि पराभूतांच्या बाजूने वर आलेल्या जोडीने अंतिम सामना जिंकल्यावर आणखी एक निर्णायक डाव का खेळायचा, हे प्रेक्षकांना समजावता समजावता त्याचा घसा बसतो. सर्वांनी सर्वांशी खेळायचे म्हटले तर सहासष्ट सामने. ते पाच तासांत बसत नाहीत.

मध्यम मार्ग गटवार साखळीचा. सहा-सहा जोड्यांचे दोन गट करावेत. प्रत्येक गटात पंधरा सामने, एकूण तीस. एका सामन्याला, म्हणजे ११ गुणांच्या एका डावाला, सराव आणि अदलाबदल धरून वीस मिनिटे मुकर्रर केली, तर तीन कोर्टांवर दहा पाळ्यांत साखळी पुरी होते, म्हणजे दहा वाजून वीस मिनिटांनी. यातली खुबी अशी की सहा जोड्यांचा गट तीन कोर्टांवर एकदम मावतो. एका पाळीत पहिला गट खेळतो, दुसऱ्या पाळीत दुसरा, आणि प्रत्येक जोडीला दोन सामन्यांमध्ये आपोआप वीस मिनिटांची विश्रांती मिळते. विश्रांतीतल्या गटाकडे गुणलेखनाचे काम सोपवले की पंचांची वानवा राहत नाही. उरलेल्या शंभर मिनिटांत तीन डावांतील दोन जिंकणाऱ्याचे दोन उपांत्य सामने एकाच वेळी, आणि नंतर अंतिम व तिसऱ्या क्रमांकाचा सामना शेजारीशेजारी. बारा जोड्यांतली शेवटची जोडीही पाच सामने खेळून घरी जाते.

गटाचा तक्ता करायला यंत्राची गरज नाही. एका जोडीला जागेवर खिळवून बाकीच्यांना तिच्याभोवती एक-एक घर फिरवायचे: पहिल्या फेरीत १-६, २-५, ३-४, दुसरीत १-५, ६-४, २-३, तिसरीत १-४, ५-३, ६-२, चौथीत १-३, ४-२, ५-६, पाचवीत १-२, ३-६, ४-५. कोणतीही गाठ दुसऱ्यांदा पडत नाही. जोड्या विषम असतील तर एका घरात शून्य मांडावे. शून्याशी गाठ पडेल त्या जोडीने त्या पाळीत चहा घ्यावा.

साखळीचे खरे दुखणे बरोबरीत असते. दोन जोड्यांचे विजय समान झाले तर त्यांच्या आपसातल्या सामन्याचा निकाल ग्राह्य धरावा, याबद्दल वाद नाही. पण समजा, ‘अ’ने ‘ब’ला ११-३ असे हरवले, ‘ब’ने ‘क’ला ११-९, आणि ‘क’ने ‘अ’ला ११-८, तिघांनीही बाकीचे सामने सारख्याच फरकांनी जिंकले. आता आपसातला निकाल वर्तुळातच फिरतो, आणि निवाडा गुणांच्या वजाबाकीने करावा लागतो: ‘अ’चे अधिक पाच, ‘क’चा अधिक एक, ‘ब’चे उणे सहा. ‘ब’ जोडी ११-३ हरली तेव्हा सामना गेलाच आहे असे समजून शेवटचे गुण तिने हसतखेळत सोडून दिले असतील, तर उपांत्य फेरी तिने तेथेच गमावली. आणि हे तिला साखळी संपल्यावर कळले, तर तिने समितीला लावलेला बोल खोटा म्हणता येणार नाही. बरोबरी फोडण्याचा क्रम पहिल्या सर्व्हिसपूर्वी फलकावर लागला पाहिजे. दुखापतीने एखादी जोडी मध्येच निघून गेली तर तिचे झालेले निकाल धरायचे की पुसायचे, तेही तेथेच लिहावे. कारण निकाल समोर आल्यानंतर ठरवलेला नियम कितीही न्याय्य असला, तरी तो कोणाची तरी मर्जी राखण्यासाठी केला असेच दिसते.

पंचाविना सामना चालायचा म्हणजे रेषेचा फैसला खेळाडूंनीच करायचा, आणि येथे नियमपुस्तकाने जी नीती घालून दिली आहे ती मोठी उमदी आहे. आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा निकाल आपणच द्यायचा, परंतु संशयाचा फायदा समोरच्याला. चेंडू बाहेर पडलेला स्पष्ट दिसला नसेल तर तो आतच. जोडीतल्या एकाने ‘बाहेर’ म्हटले आणि दुसऱ्याने ‘आत’, तर चेंडू आत. प्रेक्षकांचा कौल घेता येत नाही. हवे तर प्रतिपक्षाला विचारता येते, आणि त्याने ठामपणे सांगितले तर ते मान्य करावे लागते. किचनच्या रेषेवर प्रतिपक्षाचा पाय पडल्याची हरकत घेता येते. त्यावर मतभेद झाला तर ती चढाओढ पुन्हा खेळायची. रेषेला चेंडू लागला तर तो आत, मात्र सर्व्हिस किचनच्या रेषेवर पडली तर ती चुकली. हा एक अपवाद समितीने सामने सुरू होण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवावा, कारण तंटे याच चार बोटांच्या पट्टीवर होतात.

राहता राहिला जोड्या जुळवण्याचा मामला. आपापल्या जोड्या घेऊन या म्हटले की क्लबातले चार तरबेज खेळाडू दोन जोड्या करून बसतात आणि अंतिम सामना नावे घेतली त्याच दिवशी लागलेला असतो. यापेक्षा सभासदांच्या दोन याद्या कराव्यात, एक मुरलेल्यांची व एक नवशिक्यांची, आणि दोन्हींतून एकेक चिठ्ठी काढून जोडी बांधावी. याहूनही मला पसंत असलेली तऱ्हा जोडीदार फिरवण्याची आहे: आठ खेळाडू, दोन कोर्टे, सात फेऱ्या, आणि तक्ता असा की प्रत्येकजण इतर सातांपैकी प्रत्येकाच्या जोडीने बरोबर एकदा आणि प्रत्येकाविरुद्ध बरोबर दोनदा खेळतो. व्हिस्ट या पत्त्यांच्या खेळाच्या शौकिनांनी हे गणित फार पूर्वीच सोडवून ठेवले आहे. गुण ज्याचे त्याच्या नावावर जमा होतात, कोणी बाद होत नाही, आणि सव्वादोन-अडीच तासांत सारे उरकते. दांपत्ये नाव देतात तेव्हा मात्र थोडी पंचाईत होते: पतिपत्नी एकदाच एका बाजूला येतात आणि दोनदा समोरासमोर. त्यांचा एकत्र खेळण्याचा डाव तक्त्यात आधी ठेवावा की नंतर, याविषयी नियमपुस्तक काही सांगत नाही. तो निर्णय समितीने स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावा.