विश्लेषण : बडतर्फीनंतर शतकभराने माफी… लेफ्टनंट फ्लिपर यांना न्याय मिळाला का?

अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी १९ फेब्रुवारी १९९९ रोजी लष्करातील एका माजी सेकंड लेफ्टनंटला माफी दिली. हेन्री ओसियन फ्लिपर हे ते अधिकारी. त्यांची बडतर्फी १८८२ मधली, तर निधन १९४० मधले. अमेरिकी अध्यक्षांनी मरणोत्तर दिलेली ही पहिलीच माफी. मात्र माफी मिळाली म्हणजे फ्लिपर निर्दोष ठरले, असे नाही.

फ्लिपर कोण होते?

जॉर्जिया राज्यातील थॉमसव्हिल येथे १८५६ मध्ये गुलामीत त्यांचा जन्म झाला. १८७३ मध्ये त्यांनी वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत प्रवेश मिळवला. तेथे श्वेतवर्णीय कॅडेटनी चार वर्षे त्यांच्यावर जवळपास बहिष्कारच टाकला होता. तरीही १८७७ मध्ये ७६ जणांच्या तुकडीत ५०वा क्रमांक मिळवून ते उत्तीर्ण झाले. ही अकादमी पूर्ण करणारे ते पहिले कृष्णवर्णीय.

लष्करात त्यांनी काय केले?

त्यांची नेमणूक कृष्णवर्णीय सैनिकांच्या दहाव्या घोडदळात झाली. हे सैनिक ‘बफेलो सोल्जर्स’ म्हणून ओळखले जात. आजच्या ओक्लाहोमातील फोर्ट सिल येथे साचलेल्या पाण्यामुळे मलेरिया पसरतो, असे मानले जात होते. या पाण्याचा निचरा करण्यासाठी फ्लिपर यांनी चर खोदून घेतला. ‘फ्लिपर्स डिच’ या नावाने ओळखला जाणारा हा चर १९७७ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरला.

आरोप काय होता?

टेक्सासमधील फोर्ट डेव्हिस येथे शिधासामग्री विभागाचा हिशेब त्यांच्याकडे होता. १८८१ मध्ये त्यांना रकमेत तूट आढळली. वरिष्ठ अधिकारी कर्नल विल्यम शाफ्टर यांच्या धास्तीने त्यांनी ती लपवली. पैसे वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवल्याचे खोटे सांगितले आणि खाते नसलेल्या बँकेचा धनादेशही दाखवला. ऑगस्टमध्ये त्यांना अटक करून कोठडीत ठेवण्यात आले. मित्र आणि गावातील परिचितांनी वर्गणी काढून तूट भरून दिली, तरीही खटला उभा राहिला.

लष्करी न्यायालयाचा निकाल काय?

खटला चालवणारे सर्व अधिकारी श्वेतवर्णीय होते. अपहाराच्या मुख्य आरोपातून त्यांनी फ्लिपर यांना निर्दोष ठरवले. पण खोटे बोलल्याबद्दल ‘अधिकाऱ्याला न शोभणारे वर्तन’ या कलमाखाली दोषी धरले. या कलमात बडतर्फी ही एकच शिक्षा होती. ती सौम्य करावी, अशी शिफारस लष्कराच्या मुख्य विधि अधिकाऱ्यांनी केली. अध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी ती मानली नाही. ३० जून १८८२ रोजी फ्लिपर बडतर्फ झाले.

त्यानंतर काय घडले?

फ्लिपर यांनी सर्वेक्षक, स्थापत्य अभियंता आणि स्पॅनिश कागदपत्रांचे भाषांतरकार म्हणून काम केले. ज्या सरकारने बडतर्फ केले, त्याच सरकारच्या न्याय विभागासाठी त्यांनी जमिनींच्या दाव्यांतील जुनी कागदपत्रे तपासली. १८९८ पासून ते अमेरिकी काँग्रेसकडे दाद मागत राहिले. त्यांच्यासाठी अनेक विधेयके आली. एकही मंजूर झाले नाही.

शिक्षा कशी बदलली?

कुटुंबीय आणि जॉर्जियातील एका शिक्षकाच्या पाठपुराव्यानंतर १९७६ मध्ये लष्कराच्या नोंद-दुरुस्ती मंडळाने हे प्रकरण तपासले. शिक्षा अवाजवी कठोर असल्याचे मंडळाने मान्य केले आणि बडतर्फीऐवजी ‘सन्माननीय सेवामुक्ती’ अशी नोंद केली. तारीख मात्र तीच, ३० जून १८८२. दोषसिद्धी रद्द करण्याचा अधिकार मंडळाला नव्हता. म्हणूनच पुढे अध्यक्षांकडे माफीची मागणी गेली.

मग मिळाले काय?

सेवामुक्तीच्या नव्या नोंदीने शिक्षेचा कलंक पुसला, माफीने गुन्हा क्षमा केला. पण १८८१ चा निकाल चुकीचा होता, असे दोन्हींपैकी एकातही म्हटलेले नाही. फ्लिपर खोटे बोलले होते, हेही खरेच. प्रश्न होता तो त्या खोट्यासाठी एका अधिकाऱ्याची अख्खी कारकीर्द संपवण्याचा. शिक्षा जास्त होती, हे लष्कराने मान्य केले तेव्हा फ्लिपर यांच्या मृत्यूला ३६ वर्षे झाली होती.