शोभेच्या माशांना लसणाचा आहार

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर वसलेले आहे. मार्गशीर्ष-पौषात येथील रात्री चांगल्याच गारठतात आणि मागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या वडगाव भागात एखाद्या घरी काचपेटी असेल, तर तिच्यातील पाणीही पहाटेपर्यंत थंड पडते. अशा दिवसांत मासे खाणे कमी करतात, पेटीतील दगडांवर अंग घासतात आणि त्यांच्या परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. ‘लसूण घाला’ हा सल्ला यावेळी हमखास मिळतो. तो निराधार नाही. मात्र अर्धाच आहे.

लसणाच्या अखंड पाकळीत उग्र वास नसतो. ॲलिइन हे द्रव्य व त्यावर क्रिया करणारे विकर पाकळीत वेगवेगळे असतात. पाकळी ठेचली की ती एकत्र येऊन ॲलिसिन तयार होते. जंतूंना मारक असलेले हे द्रव्य १९४४ साली अमेरिकेत वेगळे करण्यात आले. उकळल्यास विकर नष्ट होते, म्हणून लसूण कच्चाच वापरावा. एक पाकळी ठेचून दहा मिनिटे ठेवावी, रस फडक्यातून गाळावा आणि त्याचे चार-पाच थेंब चमचाभर कोरड्या खाद्यात मुरू द्यावेत. आठवड्यातून दोन-तीन वेळा एवढे पुरे. पाकळीचे तुकडे पेटीत टाकू नयेत. ते कुजून पाणी बिघडते.

लसणाच्या वासाने मंदावलेला मासा खाद्याकडे वळतो, हा पहिला लाभ. रोहू माशाच्या बोटुकल्यांना किलोमागे १ ते १० ग्रॅम लसूण घातलेले खाद्य दिल्यावर जिवाणूच्या संसर्गात त्या अधिक प्रमाणात वाचल्या, असे भारतीय शास्त्रज्ञांनी २००७ साली प्रसिद्ध केले. गप्पी माशांवरील २०१४ सालच्या अभ्यासात लसणाची भुकटी असलेल्या खाद्याने परजीवी कमी झाले; परंतु भुकटीचे प्रमाण २० टक्के असता स्नायूंना अपाय झाल्याचेही आढळले. लसूण घरचाच म्हणून सढळ हाताने घालणे बरे नव्हे.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात खरी फसगत होते. हा परजीवी कातडीखाली वाढतो, पूर्ण वाढ होताच गळून तळाशी जातो आणि तेथे विभागून शेकडो पिल्ले सोडतो. तो गळाला की ठिपके नाहीसे होतात. मालकाला वाटते, लसणाने गुण आला. काही दिवसांत मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक ठिपके उठतात. औषध लागू पडते ते पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांवरच. थंड पाण्यात हे चक्र काही आठवडे रेंगाळते, ऊब मिळाल्यास काही दिवसांत पुरे होते. म्हणून उष्ण प्रदेशातील माशांसाठी पाण्याचे तापमान हळूहळू २९-३० अंशांपर्यंत न्यावे आणि लिटरमागे एक-दोन ग्रॅम साधे मीठ टप्प्याटप्प्याने विरघळवावे. मीठ न सोसणाऱ्या जाती वेगळ्या ठेवाव्यात. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, तेव्हा हवेचा पंप चालू असावा. ठिपके गेल्यानंतरही हा उपाय किमान आठवडाभर चालू ठेवावा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. पाणी बदलताना ते उघड्या बादलीत दिवसभर ठेवून, पेटीतील पाण्याइतके कोमट करूनच घालावे. दुकानातून आणलेला नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून मगच पेटीत सोडावा.